इंजिनाला लागून पहिला डबा

शिरूर-दौंड एस्टीचं छप्पर गळत होतं, आणि ते नेमकं कॉम्प्युटरवर गळत होतं.

म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर नव्हे. सत्त्याहत्तर साली शिरूर तालुक्यात कॉम्प्युटर नव्हता, आणि असता तर तो एस्टीनं आला नसता. खिडकीजवळच्या तरुणाच्या मांडीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडं होतं, त्यात त्या विषयाचं पान होतं, आणि वरून थेंब… टप्प… टप्प… बरोबर त्या पानाच्या मधोमध पडत होते. तरुणाला त्याचा पत्ता नव्हता. तो बाहेर बघत होता. परतीच्या पावसानं बाजरी आडवी केली होती, आभाळ खाली आलं होतं, आणि बसमधल्या माणसांचे चेहरेही आभाळाला धरूनच होते.

शेजारच्या मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आपली छत्री उघडली आणि पुस्तकावर धरली.

कंडक्टर म्हणाला, "ताई, बसमधी छत्री?"

"तुमचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत," ती म्हणाली.

तेव्हा कुठं तरुणानं मान वळवली. त्याच्या भुवयांवर पांढरं काहीतरी होतं. वय नव्हतं, पीठ होतं.

"भिजतंय होय…" तो म्हणाला. "भिजू द्या. तसंही कळंना झालंय."

"काय आहे?"

"अमेरिकेतल्या कॉलेजचं पुस्तक. काय काय शिकवतात त्याचं."

"मग ओलं करून कळतंय का?"

आता इथं दोघांची ओळख करून दिलेली बरी. मुलीचं नाव अंजना. बी.एस्सी., गणित. शिरूरच्या एका शाळेत शिकवायची, आठवडाभर तानुबाई नावाच्या मावशीकडं राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की दौंडला, रेल्वे क्वार्टरमध्ये वडिलांकडं जायची. वडील मच्छिंद्र, म्हणजे तिचे आप्पा, रेल्वेत गार्ड. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तसबिरीखाली गाड्यांचं वेळापत्रक, आणि दोन्हींवर घरातल्यांची सारखीच श्रद्धा.

तरुणाचं नाव चांगदेव. शिरूरला त्याच्या वडिलांची, शंकररावांची, पिठाची गिरणी होती. कॉलेजचं पहिलं वर्ष झालं आणि पिठानं शंकररावांची छाती धरली, तेव्हा चांगदेवानं कॉलेज सोडून गिरणी धरली. आता धाकटा भाऊ हाताशी आला होता, अमेरिकेतले मामा 'ये' म्हणत होते. दर शनिवारी चांगदेव दौंडला एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन साहेबाकडं इंग्रजी बोलायला शिकायला जायचा. साहेब जन्मभर इंजिन चालवून निवृत्त झालेला. त्यामुळं चांगदेवाला बॉयलर, ब्रेक आणि वाफेबद्दल अस्खलित बोलता येत होतं, आणि रागावल्यावर तर फारच अस्खलित.

"हे कम्युनिटी कॉलेज आहे," तो पुस्तकाचं पान सदऱ्यानं टिपत म्हणाला. "दोन वर्षांचं. फी कमी, आणि कुणालाही घेतात."

"कुणालाही?"

"मला घेतलं म्हणजे बघा ना. आणि दोन वर्षं झाली की तिथून मोठ्या विद्यापीठात जायचं, एकदम तिसऱ्या वर्षाला. पण एक भानगड आहे. या कॉलेजात शिकलेलं सगळंच विद्यापीठात धरत नाहीत. काही धरतात, काही सोडून देतात."

अंजनानं छत्री त्याच्या हातात दिली आणि पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं. वाटेतलं न्हावरं गाव येईपर्यंत ती पानं उलटत राहिली. चांगदेव छत्री धरून बसला. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळं तिच्याकडं बघण्यापलीकडं त्याला दुसरं काम उरलं नाही, आणि ते त्यानं मन लावून केलं.

"हे वेळापत्रक आहे," शेवटी ती म्हणाली.

"कॉलेजचं?"

"गाड्यांचं. तुम्ही नुसती पहिली गाडी बघताय. पुढची कुठली धरायची ते आधी बघायचं असतं, मग मागं मागं येत पहिली ठरवायची. विद्यापीठाचं पुस्तक कुठाय?"

"ते… घरी आहे."

"पुढच्या शनिवारी आणा," अंजना म्हणाली. वर्गात बोलायची तशीच म्हणाली. पण छत्री परत घेताना तिचा कान लाल झाला होता. चांगदेवाला तो दिसला, आणि पुढचा आठवडाभर गिरणीत त्यानं ज्वारीच्या गिऱ्हाइकांना गहू दळून दिले.

*

त्या हिवाळ्यात शिरूर-दौंड एस्टीत दर शनिवारी अमेरिकेतल्या दोन वर्षांची आखणी चालायची.

दोघांपैकी कुणीही कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता, त्याच्या फोर्ट्रान, कोबोल या भाषा तर दूरच. त्यामुळं चर्चा मोकळेपणानं व्हायची.

"फोर्ट्रान पहिल्या सहामाहीत घ्यायचं नाही," अंजना सांगायची. "आधी गणित. गणिताचा एक भाग चुकला की त्याच्यामागचे सगळे वर्षभर लेट होतात."

"आणि कोबोल?"

"कोबोल विद्यापीठ धरत नाही."

"नाव चांगलं होतं हो… कोबोल. बैलाला ठेवण्यासारखं."

"मग बैल घ्या. क्रेडिट नका घेऊ."

ती हसायची नाही. हसू आलं की खिडकीबाहेर बघायची. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं. उघडे माळ, धुळीनं भरलेल्या बाभळी, आणि दौंड जवळ आलं की आभाळाला लागलेला कोळशाचा धूर. पण ती बराच वेळ बाहेर बघायची.

एकदा चांगदेवानं कुतूहलानं विचारलं, "हे काय? पोहायचा पण विषय आहे?"

"व्यायाम सक्तीचा आहे. पोहणं घेतलं तरी चालतं. विद्यापीठ धरतं."

"मी लहानपणापासून घोडनदीत पोहतोय. ते नाही धरत?"

"घोडनदीला पाणी असतं का वर्षभर?"

"बाई, तुम्ही फार कडक मार्क देता."

तो तिला बाई म्हणायचा. ती त्याला गिरणीवाले म्हणायची. एवढ्यावर दोघांचं भागत होतं, किंवा भागतंय असं दोघं दाखवत होते.

या कामात एक मोठीच अडचण होती, आणि ती गणितात बसत नव्हती. आखणी जितकी चांगली होईल, तितका चांगदेव लवकर जाणार. अंजना ती फारच चांगली करत होती. एखाद्या शनिवारी तिला वाटायचं, एखादा विषय मुद्दाम मागं-पुढं करावा. एखादी गाडी चुकवावी. पण गार्डची मुलगी होती. तिला ते जमायचं नाही, आणि जमत नाही याचा तिला रागही यायचा. त्या दिवशी ती चांगदेवाला उगीचच बोलायची.

माघात तिला सोलापूरचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, हिशेब खात्यात. मच्छिंद्रनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बघू." रेल्वेच्या घरात 'बघू' म्हणजे गाडी सिग्नलला उभी. मच्छिंद्रनं जास्त विचारलं नाही. पण सिग्नलला गाडी किती दिवस उभी ठेवणार? दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

तिनं हे चांगदेवाला बसमध्ये सांगितलं. कुणी 'उद्या सुट्टी आहे' म्हणावं, तसं.

चांगदेव म्हणाला, "हिशेब खातं… म्हणजे पक्की नोकरी."

"हो."

"चांगलं आहे."

"हो ना."

मग दौंड येईपर्यंत दोघांनी एकमेकांशी एकही शब्द काढला नाही. मागच्या बाकावरची म्हातारी एकीला म्हणाली, "नवरा-बायकू भांडल्यात जणू." ते दोघांनाही ऐकू गेलं. कुणीच दुरुस्ती केली नाही.

चांगदेव का बोलत नव्हता, हे सांगायला फार हुशारी नको. शंकरराव प्रगत विचारांचे गृहस्थ होते. पोरानं तिकडून गोरी मड्डम आणली तरी आपली हरकत नाही, असं ते चारचौघांत सांगत. सात समुद्रापलीकडची, वेगळ्या धर्माची, गाईचं मांस खाणारी सून त्यांना चालणार होती. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली, तसबिरीच्या घरातली, बी.एस्सी. झालेली मुलगी चालली नसती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिरूरमध्ये अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. आणि मामांचा शब्द, मामांचं घर, सगळं शंकररावांच्या नात्यावर उभं होतं. चांगदेव एक वाक्य बोलला असता तर सगळी आखणी पहिल्याच स्टेशनात रुळावरून उतरली असती. अंजनाला हे माहीत होतं. म्हणून तिनंही त्याला बोलतं केलं नाही.

*

व्हिसा आला. श्रावण लागला. ऊन नाही की धड पाऊस नाही, नुसतं ओलं, करडं, चिकट.

शेवटच्या शनिवारी आखणीत काही उरलं नव्हतं. दोन वर्षांच्या चारही सहामाह्या भरल्या होत्या. पुस्तक चांगदेवाच्या मांडीवर मिटलेलं होतं, आणि ते उघडायला आता काही कारण नव्हतं.

"म्हणजे पुढच्या शनिवारी तुम्ही शिरूरवरून पुण्याला," अंजना म्हणाली. "सकाळची एस्टी घ्या. तिथून मुंबईची गाडी मिळेल."

"मी दौंडवरून जाणार आहे."

"कुठं?"

"मुंबईला."

अंजनानं त्याच्याकडं नीट बघितलं. शिरूरहून पुण्याला सरळ सडक जाते. मुंबईला निघालेला शिरूरचा माणूस दौंडला आला, तर त्याला एक तर दिशा कळत नाही, नाहीतर…

"शिरूरहून उलटं दौंडला यायचं," ती सावकाश म्हणाली, "आणि दौंडवरून गाडीनं परत पुण्याला जायचं."

"हं."

"का?"

चांगदेव छपराकडं बघत राहिला. छप्पर अजून दुरुस्त झालं नव्हतं. "घरी सांगितलंय… साहेबाच्या पाया पडून जातो म्हणून."

"आणि खरं?"

"गाडीत… बरं वाटतं बसायला."

वर्षभर आखणी शिकवून याला एवढासुद्धा रस्ता नीट ठरवता आला नव्हता. इतका वाकडा, इतका बिनहिशेबी रस्ता अंजनानं जन्मात पाहिला नव्हता. तिला एकदम रडू आलं, आणि ते परतवण्यासाठी ती जे तिला सगळ्यात चांगलं यायचं ते बोलू लागली.

"मनमाडकडून दुपारची पॅसेंजर येते ती धरा. दौंडला बराच वेळ थांबते. इंजिनाला लागून पहिला डबा. त्यातच बसा, दुसरीकडं नाही. त्या गाडीवर दौंडपासून आप्पांची ड्यूटी आहे. गार्ड गाडीच्या शेपटाला असतो, तो इंजिनाकडं येत नाही. मी तिथं येईन."

"इंजिनाला लागून पहिला डबा," चांगदेव म्हणाला. आखणीतला सगळ्यात सोपा विषय त्यानं पाठ केला.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती अंजना विसरली असंही म्हणता येणार नाही. दौंडच्या माणसाला ती सांगावी लागते हेच ठाऊक नसतं. मनमाडहून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की तिचं इंजिन सुटतं, फिरून दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं, आणि गाडी आल्या बाजूनंच परत निघून पुण्याचा रस्ता धरते. पुढचा डबा मागचा होतो. दौंडमधलं शेंबडं पोरही हे पोटातून शिकून येतं. साहेबानं चांगदेवाला इंजिनाचा एकेक नट इंग्रजी शिव्यांसकट शिकवला होता. इंजिन टोक बदलतं, एवढंच शिकवायचं राहिलं होतं.

*

पॅसेंजर आली. चांगदेवानं इंजिन बघितलं, त्याला लागून असलेला पहिला डबा बघितला, आणि ट्रंक घेऊन त्यात चढला. कपाळावर कुंकू, हातात शिरूरहून दिलेला नारळ. भुवया स्वच्छ धुतलेल्या. खिडकीतून तो फलाटाकडं बघत बसला.

थोड्या वेळानं इंजिन डब्यापासून सुटलं आणि वाफ सोडत निघून गेलं. पाणी प्यायला गेलं असेल, असं चांगदेवाला वाटलं. जनावरासारखंच असतं, साहेब म्हणायचा. येईल परत.

अंजना फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, पुण्याच्या बाजूला उभी होती. इंजिन तिच्यासमोर येऊन लागलं. तिनं त्याला लागून असलेला पहिला डबा दोनदा बघितला. बोचकी घेतलेल्या बाया होत्या, टोपल्या होत्या, एक कोंबडी होती. चांगदेव नव्हता.

आला नाही, ती मनात म्हणाली. बरोबरच आहे. शिरूरहून पुण्याला सरळ सडक जाते.

तिकडं शेपटाच्या डब्याला असलेल्या गार्डच्या खोलीत मच्छिंद्र आपली पेटी ठेवून खाली उतरला. शेजारच्या खिडकीत कुंकू लावलेला, नारळ धरलेला एक पोरगा रडवेला होऊन रिकाम्या फलाटाकडं बघत होता.

"कुठं निघालास बाबा?"

"अमेरिकेला."

मच्छिंद्रनं गाडीकडं एकदा बघून घेतलं. "ही पुण्यापोतरच जाती."

"माहीत आहे काका… इंजिन कधी येणार परत?"

"इंजिन तिकडल्या टोकाला लागलंय कवाच. गाव कुठलं?"

"शिरूर."

"शिरूरचा मानूस, पुण्याला जायला, दौंडाला आलास?"

चांगदेवाचा चेहरा पिठासारखा झाला. तो एवढंच म्हणाला, "इंजिनाला लागून पहिला डबा सांगितला होता. बसलो होतो मी. बरोबर बसलो होतो."

मच्छिंद्रनं फलाटाच्या त्या टोकाकडं मान वळवली. लांब, इंजिनाच्या धुरात, एक ओळखीचं पातळ एकटंच उभं होतं. त्याच्याच पोरीचं. गाडीचा डबा असा मोजून-मापून सांगणारी बाई दौंडात दुसरी नव्हती. माघापासून सिग्नलला उभी असलेली गाडी कुणासाठी उभी होती, ते त्याला तिथल्या तिथं कळलं.

सिग्नल पडला, म्हणजे वाट मोकळी झाली. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. मच्छिंद्रनं झेंडा उलगडला, आणि तो लाल होता.

अंजनानं तो लांबून पाहिला. सिग्नल पडलाय आणि आप्पांच्या हातात लाल झेंडा. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. आप्पांना काहीतरी झालं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती चिखलाचा, सालींचा, सांडलेल्या चहाचा तो अख्खा फलाट पळत आली.

आप्पांना काही झालं नव्हतं. ते ताठ उभे होते, तिच्याकडं बघत नव्हते, आणि शेजारच्या खिडकीत नारळ धरून चांगदेव होता.

"मी… चुकीच्या डब्यात बसलो," तो म्हणाला.

"डबा बरोबर होता," अंजनाला धाप लागली होती. "मीच सांगायला चुकले."

"मी सांगायला आलो होतो की…"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मुंबईला जायला दौंडला कुणी येत नाही. एवढं मला कळत नाही होय?"

ड्रायव्हरनं पुन्हा शिट्टी दिली, लांबलचक. मच्छिंद्र आभाळाकडं बघत होता. तिथं काहीच नव्हतं, पण तो बारकाईनं बघत होता.

"अंजना," चांगदेव म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा म्हणाला. "मी तिकडून घरी लिहिणार आहे. तुझ्याबद्दल. इथून तोंड उघडलं नाही, भित्रा आहे मी… तिकडून लिहीन. मामा ठेवोत नाहीतर काढोत."

"आधी पहिली सहामाही होऊ दे. मग लिही."

"आणि हे… बसमधले शनिवार. ते पुढं धरतील का कुठं?"

तिनं खिडकीचा गज धरला होता. त्याच्या भुवईवर पीठ नव्हतं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

"तिकडं नाही धरणार," ती म्हणाली. "मी धरलेत."

"अंजे," मच्छिंद्र हळूच म्हणाला. त्यानं आता हिरवा झेंडा काखेतून काढला होता, पण उलगडला नव्हता. "लाईन लई वेळ मोकळी हाय. दाखवू का?"

तिनं खिडकीचा गज सोडला. आखणी तिची होती. गणित आधी, फोर्ट्रान मग. सगळं तिनंच जुळवलं होतं, एकेक गाडी, आणि यातली पहिली आता तिच्या एका शब्दासाठी उभी होती.

"दाखवा, आप्पा."

गाडी हलली. शेवटचा डबा तिच्यापासून हळूहळू लांब गेला. एका दारात हिरवा झेंडा, शेजारच्या खिडकीत एक हात, त्या हातात अजून नारळ. दोन्ही बराच वेळ दिसत होते. मग धूर खाली उतरला.

*

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. अंजना चुलीपुढं बसली होती. डोळे धुरानं लाल झाले होते, असं म्हणायची सोय होती.

"कंट्रोल हापिसानं इचारलं, गाडी का थांबली," बूट काढत तो म्हणाला. "म्हनलो, जनावर आडवं आलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"पुण्यापोतर माझ्यापाशीच उभा व्हता. पोरगं बरं हाय. इंग्रजी लई घान बोलतंय." त्यानं तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं. "समदं सांगितलं त्यानं. हितलं काय धरत्यात, काय सोडत्यात. त्याच्या घरचं बी सांगितलं. त्याचा बाप काय म्हनंल ते मला नव्यानं कळायला नको. पर त्ये त्याचं त्यानं बघावं."

तव्यावर भाकरी फुगली आणि बसली.

"मला एक सांग. तुझ्या बीएस्सीतलं तिकडं काय धरत्यात का? बघितलंस का कवा?"

अंजनानं भाकरी उलटली. वर पाहिलं नाही.

"बघितलंय."

"मग?"

"गणिताचं सगळं धरतात, आप्पा."

मच्छिंद्र ताटावर बसला. भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "सोलापूरला उद्याच कळवतो. उगं त्यांची गाडी कशाला अडकवायची."

बाहेर बारीक पाऊस लागला होता. यार्डात मनमाडच्या गाडीचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं काम चाललं होतं.